ओढ आणि ढील : सांधे, स्नायू आणि कुवेतचे मोतीवाले



आपल्या मंडळींचा कोणताही समारंभ असो, मलिद्याचे ताट पुढे आले की पाच मिनिटांत बोलणे गुडघ्यांवर येते. कोणाला जिना चढवत नाही, कोणाला उतरवत नाही, कोणी खाली बसले की दोघांनी धरून उठवावे लागते. आणि सगळ्यांचे म्हणणे एकच, "काय करणार, सांधे गेले!" आम्ही मुंबईला नर्सिंग शिकलो आणि इकडे येऊन निवृत्त होईपर्यंत रुग्णांना उठवणे, बसवणे, कुशीवर वळवणे हेच केले. त्यामुळे या विषयावर चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सांध्याला सगळेजण नावे ठेवतात, पण सांधा स्वतः हलत नाही, त्याला स्नायू हलवतात. आणि स्नायूंकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

पहिली गोष्ट, जी आम्हाला नर्सिंग स्कूलच्या पहिल्या वर्षी शिकवली आणि जी ऐकून आजही लोकांना नवल वाटते, ती ही की स्नायूला फक्त ओढता येते. ढकलता येत नाही. तुम्ही दार ढकलता, गाडा ढकलता, तेव्हासुद्धा आत शरीरात कुठला ना कुठला स्नायू ओढतच असतो. माणसाची सगळी हालचाल, चालण्यापासून सुईत दोरा ओवण्यापर्यंत, नुसत्या ओढण्यातून तयार झालेली आहे. हे कसे, ते समजायला एक चांगले उदाहरण आहे आणि ते कुवेतचे आहे. इथल्या पासपोर्टवर आपल्याला तिकडे जाता येत नाही, पण आमच्याबरोबर शिकलेल्या काही मैत्रिणी सत्तरच्या दशकात नोकरीसाठी कुवेतला गेल्या, त्यांच्याकडून तिकडचे बरेच ऐकले आणि पुढे वाचनही केले.

मोत्यांच्या होडीवर

कुवेत म्हटले की आज आपल्याला तेल आठवते. पण बुरगानला तेल सापडले १९३८ साली, आणि तेलाचे पहिले जहाज निघाले १९४६ साली. त्याआधी कुवेतचे पोट समुद्रावर चालायचे. मलबारच्या सागाच्या होड्या बांधायच्या, व्यापाराला हिंदुस्थान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचे, आणि उन्हाळ्याचे चार महिने मोती काढायचे. हे मोती विकायला मुंबईत येत. तिथे ते निवडले जात, त्यांना भोके पाडली जात आणि मग पुढे युरोपला जात. १९६१ साली कुवेतचा स्वतःचा दिनार आला, तोपर्यंत तिकडे व्यवहार रुपयातच चाले. होडीच्या कप्तानाला ते लोक नोखदा म्हणतात. आपल्या कोकणातल्या कोळ्यांचा नाखवा तो हाच शब्द.

मोत्यांच्या होडीवर दोन माणसांची जोडी असायची. पाण्यात बुडी मारणारा तो घैस, आणि होडीवर दोर धरून उभा राहणारा तो सैब. घैसाच्या नाकाला चिमटा, बोटांना कातड्याच्या टोप्या, गळ्यात जाळीची टोपली. त्याच्यासाठी दोन दोर. एका दोराला जड दगड बांधलेला, त्यावर पाय ठेवून तो झपाट्याने तळाशी जायचा. सैब तेव्हा दोराला ढील द्यायचा. तळ लागला की घैस पाय काढून घ्यायचा आणि सैब दगड वर ओढून घ्यायचा. मग साधारण मिनिट-दीड मिनिट घैस शिंपले गोळा करायचा, पाच ते दहा वाव खोल पाण्यात. एक वाव म्हणजे सहा फूट, तेव्हा हिशोब करा. श्वास संपत आला की तो दुसऱ्या दोराला हिसका द्यायचा आणि सैब दोन्ही हातांनी सरासरा दोर ओढून त्याला वर आणायचा. अशा बुड्या दिवसभर, एकामागून एक.

आता यात पाहा. दोराने ढकलता येत नाही. खाली जाण्यासाठी दगडाची ओढ लागते आणि वर येण्यासाठी सैबाची. एकजण ओढतो तेव्हा दुसऱ्याने सोडलेच पाहिजे. आणि केव्हा ओढायचे, केव्हा सोडायचे हे कळण्यासाठी दोराच्या हिसक्यावर लक्ष पाहिजे. आपल्या शरीरात हीच व्यवस्था आहे.

शरीरातली जोडी

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे आणि सहाशेहून जास्त स्नायू आहेत. धडधाकट तरुण माणसाच्या वजनाचा साधारण चाळीस टक्के भाग या स्नायूंचाच असतो. हाडांना हलवणारा स्नायू सांधा ओलांडून जातो. त्याचे एक टोक एका हाडाला, दुसरे टोक पलीकडच्या हाडाला. मधला भाग मांसाचा, आणि टोकाला पांढरी चिवट दोरी, तिला कंडरा म्हणतात, डॉक्टर लोक टेंडन म्हणतात. टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती जाड दोरी ही शरीरातली सगळ्यात मोठी कंडरा.

उजवा हात डाव्या दंडावर ठेवा आणि डावा हात कोपरात वाकवा. पुढचा स्नायू फुगतो आणि कडक होतो. त्याने हाताचे हाड वर ओढले. आता हात सरळ करून टेबल खाली दाबा. आता दंडाच्या मागचा स्नायू कडक झाला आणि पुढचा सैल पडला. म्हणजे वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा. गुडघ्याला मांडीचा पुढचा आणि मांडीचा मागचा, घोट्याला पोटरी आणि नडगीचा, कमरेला पोटाचे आणि पाठीचे. मुंबईत संक्रांतीला ज्यांनी पतंग उडवले त्यांना हे सांगायला नको. नुसती ओढ दिली तर मांजा तुटतो, नुसती ढील दिली तर पतंग खाली येतो.

बोटांची गंमत तर वेगळीच. बोटे मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खाली असतात आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. हाताची मूठ उघड-मीट करा आणि दुसऱ्या हाताने कोपराखाली चाचपून पाहा. कळसूत्री बाहुलीचा खेळ करणारा जसा वर बसून दोऱ्या हलवतो तसेच. म्हणून तर आपली बोटे इतकी सडपातळ राहिली आणि तांदळातला खडा टिपण्याइतकी नाजूक कामे करू शकली.

ओढते ते कोण?

स्नायूच्या आत नेमके काय होते हे कोडे कितीतरी वर्षे सुटत नव्हते. १९५४ साली दोन वेगवेगळ्या जोड्यांनी एकाच वेळी ते सोडवले. एका जोडीत अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगेर्के, दुसरीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन हक्सलींचे नाते नव्हते, आडनाव तेवढे एक. त्यांनी दाखवले की स्नायूच्या आत बारीक आणि जाड असे दोन तऱ्हेचे तंतू एकमेकांत अडकवलेले असतात. जाड तंतूंना लहान लहान हात असतात. हे हात बारीक तंतूला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. तंतू स्वतः आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. म्हणजे सैबाने हातावर हात टाकत दोर ओढावा, तसेच. असे कोट्यवधी हात एकदम ओढतात तेव्हा तुमचा चहाचा कप वर येतो.

यातली एक गोष्ट आम्ही नर्सेसनी फार वेळा डोळ्यांनी पाहिली आहे. त्या लहान हातांना ओढायला जसे इंधन लागते तसेच धरलेले सोडायलाही लागते. माणूस वारल्यावर काही तासांत शरीर ताठ होते ते याचमुळे. इंधन संपले, हात धरलेलेच राहिले, सोडायला बळ नाही. एक-दोन दिवसांत ते पुन्हा सैल पडते, कारण तोपर्यंत ते तंतूच विरघळू लागतात. मयताला आंघोळ घालणाऱ्या आपल्या मंडळींनाही हा अनुभव आहे. तेव्हा सैल पडणे म्हणजे काही न करणे असे समजू नका. सोडणे हेसुद्धा शरीराचे कामच आहे.

हुकूम कोण देतो?

एकजण ओढत असताना दुसऱ्याने सोडायचे, हा हुकूम मज्जारज्जूतून येतो. इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन यांनी हे दाखवून दिले आणि मज्जासंस्थेवरच्या कामाबद्दल त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका स्नायूला 'ओढ' म्हणून निरोप गेला की त्याच क्षणी त्याच्या जोडीदाराला 'सोड' म्हणून निरोप जातो. आपल्याला कळतही नाही. ज्यांच्या घरी कोणाला लकवा झाला असेल त्यांनी पाहिले असेल, काही दिवसांनी हात छातीशी वाकडा होऊन घट्ट बसतो, बोटे मिटलेली राहतात. ताकद नाही म्हणावे तर उघडायला गेले की उघडत नाही. मेंदूतून येणारा 'सोड' हा निरोप पोहोचत नाही म्हणून हे होते. अशा हाताला जोराने हिसका देऊन उघडू नये. सावकाश, रोज, फिजिओथेरपिस्टने दाखवले तसे उघडावे.

निरोप उलट दिशेनेही जातो. घैस जसा खालून दोर हलवून आपली खबर द्यायचा, तसे स्नायूंच्या आत आणि सांध्यांभोवती बारीक खबरे असतात. ते मेंदूला सतत सांगत असतात की गुडघा किती वाकला आहे, पाऊल कुठे टेकले आहे. म्हणूनच डोळे मिटूनही आपल्याला आपले पाय कुठे आहेत ते कळते. वय झाले, मधुमेह झाला, की ही खबर मंद होते. मग अंधारात माणूस धडपडतो.

होडीवर आणखी एक माणूस असायचा, नहाम. त्याचे काम गाण्याचे. त्याच्या तालावर सगळे खलाशी एकदम शीड चढवायचे, एकदम वल्ही मारायचे. शरीरातही एकेक मज्जातंतू एकेका टोळीला हुकूम देतो. डोळ्याच्या स्नायूत एका तंतूच्या हाताखाली आठ-दहाच तंतू, कारण काम नाजूक. पोटरीत एकाच्या हाताखाली हजाराहून जास्त, कारण काम जोराचे. बारा महिने बसून राहिले की टोळ्या कमी होत जातात आणि उरलेल्यांचा तालही चुकू लागतो.

सांधा कसा बनला आहे

आता सांध्याकडे येऊ. सैब दोर ओढतो तेव्हा त्याच्या अंगातला जवळजवळ प्रत्येक सांधा कामाला लागतो. गुडघा आणि कोपर बिजागरीसारखे, दाराप्रमाणे एकाच बाजूला उघडणारे. गुडघा थोडा वळतोही, पण त्याचे मुख्य काम बिजागरीचेच. खांदा आणि खुबा म्हणजे वाटीत गोटी बसवल्यासारखे, सगळीकडे फिरणारे. खुब्याची वाटी खोल म्हणून तो भक्कम, खांद्याची वाटी उथळ म्हणून तो जास्त फिरतो आणि लवकर निखळतोही. मनगटात लहान लहान आठ हाडे एकमेकांवर घसरतात. अंगठ्याच्या मुळाचा सांधा घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून अंगठा प्रत्येक बोटाला भेटू शकतो. तो नसता तर दोरही धरता आला नसता आणि लाटणेही.

हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे म्हणजे अस्थिबंध, आपण बोलताना लिगामेंट म्हणतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते, आणि सांध्याच्या पिशवीत वंगण. निरोगी गुडघ्यात हे वंगण चहाच्या एका चमच्याइतकेही नसते, पण त्यावर आपण सारे आयुष्य चालतो.

या कूर्चेबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. तिला रक्तवाहिन्या नाहीत. मग तिला अन्न मिळते कसे? पाऊल टाकले की ती दबते आणि तिच्यातले पाणी बाहेर येते, पाऊल उचलले की ती पुन्हा वंगण शोषून घेते. फडके पिळून पुन्हा बादलीत टाकावे तसे. म्हणजे सांधा हलला नाही तर कूर्चा उपाशी राहते. "सांधा झिजेल म्हणून मी चालतच नाही," असे म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांनी हे पुन्हा एकदा वाचावे.

पाच किलोची पिशवी

बाजारातून पाच किलोची पिशवी आणून कोपर काटकोनात वाकवून धरली, तर दंडाच्या स्नायूवर किती भार पडतो? पाच किलो नव्हे. तो स्नायू कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो, आणि पिशवी तळहातात, म्हणजे सुमारे पस्तीस सेंटिमीटरवर. तेव्हा स्नायूला सात-आठ पट जोर लावावा लागतो, पस्तीस-चाळीस किलोचा. हा तोट्याचा सौदा वाटेल, पण त्याच्या बदल्यात स्नायू जरासा आखडला तरी हात भराभर आणि लांबवर हलतो.

गुडघ्याला मात्र एक मदत दिली आहे. कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना विहिरीवरचे चाक आठवत असेल. दोर काठावरून सरळ ओढला तर घासतो आणि जड जातो, चाकावरून ओढला की सोपे. गुडघ्याची वाटी हे तसेच चाक आहे. मांडीच्या पुढे चार भागांचा मोठा स्नायू आहे, त्याची कंडरा या वाटीवरून जाते आणि ओढ सोपी होते. तरीसुद्धा साधे चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो, जिन्यावर त्याहून जास्त. अंगातले एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. हे २००५ साली मोजून दाखवलेले आहे.

आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना गुडघे का बोलतात? चढताना मांडीचा स्नायू ओढतो. उतरताना त्याला ढील द्यायची असते, पण एकदम नाही, वजन पेलत पेलत, हळूहळू. भरलेली घागर विहिरीत सोडताना दोर हातातून सरकन जाऊ दिला तर घागर फुटेल. सावकाश सोडायला हातात बळ लागते. मांडीत बळ नसेल तर प्रत्येक पायरीला घागर आदळते, आणि तो दणका सांध्याला बसतो. खुर्चीवर धपकन बसणाऱ्यांचेही हेच. बसणे हेसुद्धा स्नायूचे काम आहे.

कुवेतमध्ये पुढे काय झाले

जपानमध्ये मिकिमोतो यांनी मोत्यांची शेती सुरू केली, ते मोती विसाच्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आले, आणि १९२९ ची मंदी आली. आखाताचा मोत्यांचा धंदा बसला. मग तेल आले, पैसा आला, मोटारी आल्या, थंड हवेची यंत्रे आली. ज्यांच्या आजोबांनी दिवसभर बुड्या मारल्या किंवा दोर ओढले, त्यांची नातवंडे घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात. तिकडचा उन्हाळाही तसाच. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधल्या मित्रिबा येथे ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा उन्हात फिरायला कोण जाणार?

२०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या मासिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १६८ देशांची तुलना छापली. २०१६ साली कोणत्या देशात किती प्रौढ माणसे पुरेशी हालचाल करत नव्हती, ते त्यात होते. सगळ्यात वर नाव कुवेतचे, ६७ टक्के. युगांडा आणि मोझांबिक या गरीब देशांत हाच आकडा ६ टक्क्यांच्या आसपास. त्यात आणखी एक विरोध पाहा, इतके ऊन असून कुवेतमध्ये पुष्कळांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी सापडते, कारण ते तयार होण्यासाठी ऊन कातडीवर पडावे लागते. ड जीवनसत्त्व फार कमी झाले की हाडे तर मऊ होतातच, पण खुब्याभोवतीचे आणि मांडीचे स्नायूही दुबळे होतात. माणूस डुलत चालतो आणि खुर्चीतून उठताना हात टेकतो. इकडेही म्हाताऱ्या बायका दारे-खिडक्या लावून घरात बसतात, त्यांना हे लागू आहे.

म्हणून जुने दिवस सोन्याचे होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बुड्या मारून घैसांच्या कानांचे पडदे फाटत, डोळे खराब होत. मोसमाच्या आधी घेतलेली उचल फिटत नसे आणि बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. शरीर राबवणे वेगळे आणि शरीर पिळून काढणे वेगळे. आजही कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय आहेत. त्यांतले कितीतरी इमारतींवर, रस्त्यांवर, लोकांच्या घरी अंगमेहनत करतात. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उन्हात काम करायला तिथे कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. दिवसभर एकच ओझे, एकच वाकणे, एकाच खांद्यावर भार, आणि विश्रांती नाही, असे झाले की कंडरा सुजतात आणि पाठ जाते. एकाच शहरात एकाचे सांधे न हलून आखडतात आणि दुसऱ्याचे अति हलून झिजतात. सांध्याला ओढही पाहिजे आणि ढीलही.

१९८६ साली कुवेतच्या सी स्पोर्ट्स क्लबने जुन्या पद्धतीच्या मोत्यांच्या सफरी पुन्हा सुरू केल्या. तरुण मुले लाकडी होड्यांतून जातात, बुड्या मारतात, शीड ओढतात. ती सफरीआधी हे काम शिकून घेतात. आम्हाला यात आशेची गोष्ट दिसते. आजोबांच्या अंगात होते ते बळ नातवाच्या अंगात आपोआप येत नाही, पण सराव केला तर येते.

सत्तरीनंतर काय होते, काय करता येते

तुम्ही म्हणाल, ती मुले विशीतली, आमचे काय? तर ऐका. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर जरा वेगाने. त्यातही झटक्यात ओढणारे जे तंतू असतात ते आधी कमी होतात. ओल्या फरशीवर पाय घसरला की तोल सावरायला क्षणभराचाही वेळ नसतो, तेव्हा हेच झटक्याचे तंतू कामी येतात. ते नसले की माणूस पडतो, खुबा मोडतो, आणि त्यानंतर कितीजण पूर्वीसारखे चालू लागत नाहीत हे आम्ही वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आजीबाईंना उभे करायला गेलो की घरचे लोक ओरडायचे, "अहो सिस्टर, झोपू द्या की त्यांना!" त्यांची माया आम्हाला कळायची. पण २००७ साली अमेरिकेत धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात झोपवून पाहिले, तर दहा दिवसांत त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस कमी झाले. मग आजारी माणसाचे काय होत असेल?

आता दुसरी बाजू. १९९० साली बोस्टनच्या हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटर या आपल्याच लोकांच्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहाजणांना आठ आठवडे पायाने वजन उचलायचा व्यायाम दिला. नऊजणांनी तो पुरा केला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीच्याही वर गेली. नव्वदाव्या वर्षी! तेव्हा "आता या वयात काय" हे वाक्य आपण सोडून दिलेले बरे.

घरच्या घरी काय करावे ते सांगतो. एक भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घेऊन उठा आणि बसा. बसताना मनात पाच आकडे मोजत सावकाश बसा. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. दुसरे, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचला आणि हळूहळू खाली ठेवा, दहा वेळा. तिसरे, तिथेच ओट्याला बोट लावून एका पायावर दहा आकडे उभे राहा, मग दुसऱ्या. चौथे, मूठ उघड-मीट आणि खांदे गोल फिरवणे, हे टीव्ही बघतानाही होते. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे सांगणे असे की आठवड्यात निदान १५० मिनिटे जरा दम लागेल असे चालावे, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि आपल्या वयाच्या लोकांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. एकदम जमले नाही तर दहा-दहा मिनिटे करा. पोटात मात्र वरण, अंडे, मासळी, दही यांपैकी काहीतरी रोज जाऊ द्या. नुसत्या चहा-बिस्किटाने मांस धरत नाही.

काही गोष्टी सांभाळा. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, खुबा किंवा गुडघा बदललेला असेल, तर आधी कुपत होलीमच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारा. व्यायामानंतर स्नायू जरा दुखले तर घाबरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते. सांध्यातच टोचल्यासारखे दुखले तर थांबा. पायात चपला ओढत चालू नका, मागे पट्टा असलेल्या घाला. रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा. आणि मुले-सुना प्रेमाने म्हणतील, "बस आई, मी आणते पाणी." त्यांना आशीर्वाद द्या, पण पाणी आपले आपण उठून घ्या.

वाचून झाले असेल तर आता खुर्चीचे हात न धरता उठून पाहा. नाही जमले तर उशी ठेवून उठा आणि उद्यापासून सुरुवात करा. कोणाला काही विचारायचे असेल तर पुढच्या समारंभाला आम्ही असूच, जरूर भेटा.